कॅशमिअरचा स्वेटर उसवायला घेतलाय. 'रिसायकल्ड' लोकरीबद्दल बोलूया का?

लडीवाली (धागाकर्ती)

नणंद लीड्सला असते. या वेळी येताना तिने चॅरिटी शॉपमधला एक पुरुषी स्वेटर आणला. शंभर टक्के कॅशमिअर (म्हणजे बकरीची मऊ लोकर), मेंदीचा रंग, उजव्या कोपरावर भोक आणि काखेत कसर लागलेली. "तू काहीतरी करशील त्याचं" म्हणाली. चार पौंडांत मिळाला म्हणे. तराजूवर टाकला तर २८० ग्रॅम भरला.

जुना स्वेटर उसवायचा की नाही हे ठरवताना मी आधी तो उलटा करून शिवण बघते. शिवण साखळीच्या टाक्याची असेल तर बाह्या, पाठ, पुढा असे भाग आकारातच विणून नंतर जोडलेले असतात. साखळीचं योग्य टोक सापडलं की सर्रकन सगळी सुटते, आणि मग एका बाहीतून सलग धागा निघत जातो. पण आत ओव्हरलॉक (कापलेली कड गुंडाळणारी मशीनची शिवण) दिसला तर तो स्वेटर थानातून कापून शिवलेला. उसवायला गेलं की प्रत्येक ओळीचा वीतभर तुकडा हातात येतो. तो सरळ उशीत भरायचा. माझं नशीब चांगलं, हा साखळीवाला निघाला.

हा चर्चेचा धागा काढण्याचं खरं कारण वेगळंच आहे. दोन वर्षांपूर्वी मी एका बऱ्यापैकी महागड्या दुकानातून (नाव घेत नाही) 'रिसायकल्ड कॅशमिअर'चा स्कार्फ घेतला होता. पुठ्ठ्याच्या टॅगवर पान, पृथ्वी, बकरी, सगळं. तिसऱ्या आठवड्यात त्यावर बोंडं (लोकरीच्या बारीक गुठळ्या) धरली आणि महिन्याभरात तो जुन्या कांबळ्यासारखा दिसायला लागला. शेवटी चिडून एक दोरा काढला आणि काडी लावली. केस जळल्याचा वास आला खरा, पण टोकाला कडक काळा मणीही राहिला. नुसती लोकर असती तर राख चिमटीत भुगा झाली असती. मग आतल्या शिवणीतलं बारीक लेबल भिंग लावून वाचलं तेव्हा नायलॉनचा उल्लेख सापडला. खोटं कुणीच बोललं नव्हतं. मोठ्या अक्षरांत एक आणि लहान अक्षरांत दुसरं, इतकंच.

आता माझा अंदाज सांगते, जाणकारांनी दुरुस्त करावं. आमच्याकडे लहानपणी दर चार-पाच वर्षांनी पिंजारी यायचा. अंगणात धनुकलीचा टंग टंग आवाज, नाकातोंडात कापूस. गादी पुन्हा फुगायची, पण दर वेळी खाली भुसा पडायचा आणि आजी दोन-तीन शेर नवा कापूस घालायला लावायची. जुन्या स्वेटरचा पुन्हा धागा करताना कारखान्यात हेच होत असणार ना? पिंजलं की तंतू तुटतो, आखूड होतो. मी हाताने उसवते तेव्हा मात्र तंतूला धक्काच लागत नाही.

---

सडेतोड

चांगला विषय, पण एक विचारतो. हे श्रीमंतांचे चोचले नाहीत का? आधी वीस हजारांचा स्वेटर घ्या, मग तो टाकल्याचा अपराधीपणा वाटून घ्या, मग 'पुनर्वापर केलेला' पंचवीस हजारांचा घ्या. आमच्या पिढीने थोरल्याचा स्वेटर धाकट्याने घातला, नंतर त्याचं पायपुसणं झालं. त्याला कोणी टॅग लावला नाही.

---

मनमोर

सडेतोड, +१. लडीवालीताई, उसवतानाचे फोटो टाका. साखळीची शिवण कोणत्या टोकाने सुटते हे मला आजवर एकदाही पहिल्या फटक्यात जमलेलं नाही.

---

ताणाबाणा

इचलकरंजीत वाढलो, शिक्षण टेक्स्टाइलचं, आणि नोकरीची पहिली सात वर्षं पानिपतला, जुन्या लोकरीचा धागा करणाऱ्या कारखान्यांत काढली. त्यामुळे इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

ताई, तुमचा पिंजाऱ्याचा अंदाज अगदी बरोबर आहे. पानिपतला जुन्या लोकरी कपड्यांचे गठ्ठे कांडला बंदरातून यायचे. घालण्याजोगे कपडे चिंध्यांच्या नावाखाली बाजारात जाऊ नयेत म्हणून ते आधीच चिरलेले असायचे. एखाद्या चांगल्या ओव्हरकोटाला पाठीवर उभा छेद. पहिल्यांदा बघताना जीव हळहळतो, नंतर सवय होते. मग बायका ओळीने बसून जमिनीत रोवलेल्या पात्यावर कपडा ओढायच्या. बटणं एकीकडे, चेन दुसरीकडे, अस्तर तिसरीकडे. आणि रंगाचे डोंगर: लाल, बाटली-हिरवा, नेव्ही, काळा. रंग वेगळे केले की पुन्हा रंगवावं लागत नाही. पाणी, रसायन आणि पैसा यांची मोठी बचत तिथेच होते, मशीनमध्ये नाही.

पुढे चिंध्या ओरबाडून तंतू सुटे करणारा खिळ्यांचा ड्रम. त्याआधी चिंध्यांवर तेल-पाण्याचा फवारा मारून मुरत ठेवतात, म्हणजे धूळ कमी उडते आणि तंतू जरा कमी तुटतो. कमीच, थांबत नाही. साधी मेरिनो लोकर साठ-सत्तर मिलिमीटर किंवा त्याहून लांब असते, तिचे दोन तुकडे झाले तरी पीळ धरते. चांगला कॅशमिअर मुळातच पस्तीस-चाळीस मिलिमीटरचा. त्यालाच ड्रममधून काढलं तर उरतं काय? सुटी टोकं वर येतात आणि त्यांची बोंडं होतात. म्हणून त्यात नवा कॅशमिअर, लांब लोकर किंवा नायलॉन घालतात. तुमच्या आजीने घातलेला नवा कापूस तो हाच. तुमच्या स्कार्फमधलं नायलॉन लबाडीसाठी नव्हतं, धागा उभा राहावा म्हणून होतं. लहान अक्षरात लिहिण्याची लबाडी मात्र दुकानदाराची.

या धंद्याचं मूळ पानिपतचं नाही, नणंदबाई राहतात त्याच भागातलं आहे. लीड्सपासून जवळच बॅटली नावाचं गाव आहे. तिथे बेंजामिन लॉ याने १८१३ च्या सुमारास चिंध्या फाडून, नवी लोकर मिसळून कापड काढलं. त्याला म्हणायचे 'शॉडी'. पक्क्या, दाट घोटलेल्या (तंतू एकमेकांत घट्ट रुतलेल्या) कापडापासून काढलेला माल आणखी आखूड तंतूचा, तो 'मंगो'. पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात ठेकेदारांनी सैनिकांना असल्या कापडाचे गणवेश पुरवले, ते पावसात अंगावरच विरले. 'शॉडी' या शब्दाला निकृष्ट हा अर्थ कायमचा चिकटला तो त्यामुळे.

गंमत पुढेच आहे. अमेरिकेने लोकरीच्या लेबलांचा कायदा केला, नावाने १९३९ चा, मंजूर झाला १९४० मध्ये. हेतू असा की गिऱ्हाइकाला जुनी लोकर नवी म्हणून विकली जाऊ नये. लेबलावर 'पुन्हा वापरलेली' असं स्पष्ट छापायला लागायचं आणि ते छापताना गिरणीवाल्याच्या कपाळाला आठ्या पडायच्या. १९८० मध्ये कायदा बदलला आणि तिथे 'रिसायकल्ड' हा शब्द आला. जी गोष्ट कायद्याने कबूल करून घ्यावी लागायची, ती आज टॅगवर बकरीच्या चित्रासकट मिरवतात.

---

लडीवाली

काका, हे वाचून स्कार्फवरचा राग थोडा उतरला. थोडाच.

---

अर्नोकाठी

मी फ्लॉरेन्सला राहते. इथून वीसेक किलोमीटरवर प्रातो हे कापडाच्या धंद्याचं शहर आहे. ताणाबाणा दादांनी सांगितलेलं सगळं तिथेही चालतं, लक्झरी मालासाठीसुद्धा. एका मराठी पाहुण्यांना कापडाच्या व्यवहारासाठी दुभाष्या हवा होता म्हणून एक दिवस गोदामात गेले होते.

तिथे चिंध्या निवडणाऱ्याला 'चेंचायोलो' म्हणतात. सत्तरीचे एक आजोबा टेबलाशी उभे. शेजारी हाताखालचा पोरगा. आजोबा स्वेटर उचलायचे, अंगठा आणि दोन बोटांत चुरायचे आणि टाकायचे. लोकर, लोकर, मिश्रण, कॅशमिअर, लोकर. लेबलाकडे बघायचेही नाहीत. मी विचारलं, लेबल का वाचत नाही? म्हणाले, लेबल लिहिणारा माणूस असतो, बोटं माझी आहेत. त्यांनी मला दोन राखाडी स्वेटर दिले आणि ओळखायला सांगितलं. मी चुकले. त्यांनी हातातला गालाला लावून दाखवला: बारीक लोकर गार लागते आणि मग ऊब देते, कॅशमिअर लगेच. मला तेव्हाही फरक कळला नाही, पण मान हलवली.

आणखी एक नवल: लोकरीच्या कोटात सुती दोरा आणि सुती अस्तर असतं. ते वेचत बसत नाहीत. चिंध्यांना आम्लाची वाफ देतात. कापूस जळून ठिसूळ होतो, झटकला की धूळ होऊन पडतो. लोकर मात्र तशीच राहते. प्रातोत हे दीडशे वर्षांच्या आसपास चालू आहे. पर्यावरण वगैरे शब्द नव्हते तेव्हा. लोकर महाग आणि चिंधी स्वस्त, एवढंच गणित. आता तिथल्या पुनर्वापराच्या कापडाला स्वतःचा एक शिक्का आहे, त्यासाठी किमान ६५ टक्के माल जुना असावा लागतो. सगळीकडे इतका कडक नियम नाही हं. जगभर चालणाऱ्या जीआरएस (ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्ड) प्रमाणपत्राला २० टक्केही पुरतात, गिऱ्हाइकाला दिसेल असा लोगो लावायचा तर ५०. आणि त्यात कारखान्यातली कातरणही धरतात. म्हणजे 'रिसायकल्ड' धागा कुणाच्या अंगाला कधी लागलेला असेलच असं नाही.

---

सडेतोड

बघा, मी म्हणत होतो.

---

खारदुंगला_रिटर्न

सडेतोड, तुमचा मुद्दा अर्धा मान्य. पण कॅशमिअरच्या बाबतीत चोचले म्हणून सोडून देता येत नाही. एका बकरीच्या अंगावरून वर्षाला साफ केलेला मऊ केस मिळतो जेमतेम दीड-दोनशे ग्रॅम. ताईंच्या स्वेटरात म्हणजे दोन बकऱ्यांचं आख्खं वर्ष आहे. मी लडाखात चांगथांगच्या पठारावर चांगपा या भटक्या पशुपालकांच्या तळावर हे विंचरणं पाहिलंय. बकरीला आडवी पाडून पाय बांधतात आणि लांब दातांच्या कंगव्याने केस ओढतात. बकरी आरडाओरडा करते, माणूस गाणं म्हणतो. हातात येतो तो कापसापेक्षा हलका, थोडा तेलकट, लेंड्या चिकटलेला पुंजका. त्यातही जाड राठ केस वेगळे करायचेच असतात.

लडाखात कळप लहान आहेत. मंगोलियात १९९० नंतर कळप खासगी झाले, कॅशमिअरला भाव आला आणि बकऱ्या वाढत गेल्या. बकरी गवत मुळाशी कुरतडते, खुरांनी माती उकरते. कुरणांची वाट लागण्यामागे ते एक मोठं कारण आहे. म्हणून जुना स्वेटर पुन्हा वापरात आला तर खरोखर काहीतरी वाचतं. प्लास्टिकच्या बाटल्यांपासून केलेल्या पॉलिस्टर टी-शर्टसारखी ती निव्वळ जाहिरात नाही.

---

काठपदर

कॅशमिअर माझ्या गावाला नाही, पण भारी धाग्याची गोष्ट माझ्याकडेही आहे. आमच्या गल्लीत अजूनही ओरडत जातात, "जुन्या जरीच्या साड्याऽऽ". आईची एक जांभळी साडी होती, घडीवर विरलेली. खरी जर म्हणजे रेशमाच्या दोऱ्यावर गुंडाळलेली चांदी, वर सोन्याचा मुलामा. त्या माणसाने काठाचा एक धागा काढून दगडावर घासला, मान डोलावली आणि वजनाचा भाव सांगितला. साडी जाळायची, रेशीम राख होतं, चांदी खाली उरते. मी विचारलं, रेशमाचं काय? हसला. रेशमाला कोण विचारतं.

मी दिली नाही. त्याआधी शहरातल्या एका दुकानात दुसरी साडी देऊन फसले होते, वजन करताना पदर धरलाच नाही त्यांनी. हिचा मात्र काठ आणि पदर सोडवून घेतला आणि नव्या साध्या रेशमावर लावला. हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. अंग विरतं, काठ टिकतो.

पण आता एक वेगळंच खूळ आलंय, त्याचा मला मनापासून राग आहे. धडधाकट पैठणी कापून तिचं जॅकेट, पर्स, सँडलचे पट्टे. आणि त्याला म्हणायचं 'अपसायकल'. अहो, विरलेली कापा ना! येवल्यात एकेका पदरावर महिनोन्‌महिने डोळे फोडणारा विणकर हे बघेल तर काय म्हणेल?

---

ताणाबाणा

काठपदर, रेशमाला कोणी विचारत नाही हे पूर्ण खरं नाही. फाटक्या कोशांचं, गुंत्याचं रेशीम आखूड असतं, ते कातून मटका रेशीम निघतं. त्याचा खडबडीतपणा हाच आता मान समजतात. आणि नेपाळात जुन्या साड्यांच्या पट्ट्या आणि मागावरची रेशमी कातरण पिळून जाड रंगीबेरंगी लडी करतात. त्या परदेशातल्या विणणाऱ्या बायका आवडीने घेतात.

मूळ प्रश्नावर परत येतो. पानिपतच्या शॉडीला शेवटी नव्या लोकरीने नाही मारलं, पोलर फ्लीसने (पॉलिस्टरच्या केसाळ कापडाने) मारलं. हलकं, मऊ, स्वस्त, मशीनमध्ये धुता येतं. भूकंप-पुरात वाटायची ती राखाडी खरबरीत कांबळी, ज्यांच्यावर तिथले कित्येक कारखाने चालायचे, त्यांची मागणी बसत गेली. माझ्या सोबतच्या बहुतेकांनी मशिनी बदलून सुती कातरणीच्या सुताकडे मोर्चा वळवला. पर्यावरणाच्या नावाने लेख आम्हीही वाचले, पण ऑर्डर फ्लीसला मिळाली.

---

मनमोर

या सगळ्याचं दुसरं टोक म्हणजे नवा माल जाळणं. बर्बरी या महागड्या ब्रिटिश ब्रँडने २०१७-१८ च्या हिशेबात दोन कोटी शहाऐंशी लाख पौंडांचा न विकलेला माल नष्ट केल्याचं दाखवलं होतं, आठवतं का? ब्रँडची किंमत उतरू नये म्हणून. आरडाओरडा झाल्यावर त्यांनी ते बंद केलं. फ्रान्सने तर २०२२ पासून असं जाळायला कायद्यानेच बंदी केली. कोरा स्वेटर जाळायचा आणि जुना स्वेटर फाडून नवा करायचा, हे एकाच बाजारात चालतं.

---

लडीवाली

सगळ्यांचे आभार. बोहारणीला चार कपडे देऊन एक स्टीलची पातेली घेणाऱ्या घरातली मी, माझ्या डोक्यात हे एवढं काहीच नव्हतं.

स्वेटर उसवून झाला, तीन संध्याकाळी लागल्या. ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी लिहिते. आधी बाह्या सोडवा, त्या लहान असतात, हात बसतो. विणकाम जिथे संपलं तिथून उसवा, म्हणजे वरून खाली. सुरुवातीकडून ओढलं तर गाठी बसतात. मी पाट उभा धरून त्याच्याभोवती गुंडाळत गेले. हात सैल ठेवायचा, ताण दिला की धागा तुटतो. कसर लागलेल्या भागात तो दर फूटभर तुटत होता, तेवढा टाकून दिला. लडीला चार जागी सैल सुती दोरा बांधला आणि कोमट पाण्यात रिठ्याच्या पाण्यासकट अर्धा तास बुडवून ठेवली. चोळायची नाही. धागा ओला होईपर्यंत नूडल्ससारखा वळ्यावळ्यांचा होता. पाणी निथळून दांडीवर टांगली, खाली हलका खलबत्ता अडकवला. सकाळी वळ्या गेल्या होत्या.

२८० पैकी २१५ ग्रॅम हाती आला. कारखान्याचा धागा फार बारीक असतो, आपल्या सुयांना पुरत नाही, म्हणून तीन पदर एकत्र धरले. भाचीला मुलगी झालीय, तिच्यासाठी कानटोपी आणि मोजे विणले. उरलेल्यात एक मफलर बसतोय असं दिसतं. आणि काका, बोंडं अजून तरी धरलेली नाहीत. तंतू लांबच राहिलाय ना.

---

सडेतोड

हे मला पटलं. टॅग कुठे आहे?

---

लडीवाली

टॅग नाही हो. फक्त भाचीला बजावून सांगितलं होतं की गार पाणी, हाताने, पिळायचं नाही.

---

लडीवाली

कळवायला वाईट वाटतंय. भाचीच्या सासूबाईंनी टोपी बाळाच्या लंगोटांबरोबर गरम पाण्याच्या सायकलला टाकली. आता ती मोसंबीएवढी आहे, जाडजूड, टाकाही दिसत नाही. उसवायला टोकच सापडत नाहीये.

---

ताणाबाणा

ताई, घोटली गेली ती. आता हाताने काही सुटणार नाही. आता तिला ड्रमच लागेल, आणि निघेल तो 'मंगो'.

---

काठपदर

तोवर आतून अस्तर लावा आणि सुया-टाचण्या ठेवायची बटवी करा. मोजे कुठे आहेत ते आधी बघा.